सोग्नदालच्या डोंगरातला सूर

ओस्लोहून पश्चिमेकडे निघालेली बस सहा-सात तासांनी सोग्नदालला पोहोचते. याच भागात लार्दालचा बोगदा आहे. २४.५ किलोमीटर लांबीचा हा बोगदा २००० साली खुला झाला आणि रस्त्याच्या बोगद्यांमध्ये तो जगात सर्वांत लांब आहे. एकसुरी अंधारात चालकांना पेंग येऊ नये म्हणून मधे तीन ठिकाणी खडक पोखरून मोठी दालने केली आहेत आणि त्यांत निळा उजेड सोडला आहे. बसचा रस्ता पुढे एके ठिकाणी चक्क संपतो. समोर नुसते पाणी. बस प्रवाशांसकट फेरीबोटीत चढते, पंधरा मिनिटांत फोदनेसहून मानहेलरच्या धक्क्याला लागते आणि पुन्हा रस्त्यावर येऊन निमूटपणे पुढे चालू लागते.

हे पाणी म्हणजे सोग्नेफ्योर्ड. हिमनद्यांनी हजारो वर्षे घासून खोल केलेल्या दरीत समुद्र शिरला की त्याला फ्योर्ड म्हणतात. नॉर्वेच्या किनाऱ्यावर असे फ्योर्ड कितीतरी आहेत, पण सोग्नेफ्योर्ड त्यांच्यात सर्वांत लांब आणि सर्वांत खोल. किनाऱ्यापासून तो दोनशे किलोमीटरहून अधिक आत घुसला आहे आणि काही ठिकाणी त्याची खोली १३०० मीटरच्या वर जाते. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे त्याला फाटे फुटले आहेत. त्यांपैकी एका फाट्याच्या काठी सोग्नदाल हे छोटे गाव आहे. पाण्याला लागून सपाट जमिनीची चिंचोळी पट्टी, तिच्यावर घरे, दुकाने, कॉलेज, फुटबॉलचे मैदान आणि लगेच मागे डोंगर. उतारावर सफरचंदांच्या, प्लमच्या आणि रास्पबेरीच्या बागा.

पाहण्यासारखे म्हणाल तर पुष्कळ आहे. जवळच काउपांगरला बाराव्या शतकातले लाकडी चर्च आहे. उभ्या खांबांच्या आधारावर बांधलेली ही ‘स्टाव्ह’ चर्चे नॉर्वेची खासियत आहे. एके काळी ती शेकड्यांनी होती, आज २८ उरली आहेत. त्यांतले लुस्टरच्या फाट्यावरचे उरनेसचे चर्च १९७९ साली जागतिक वारसा यादीत गेले. थोडे उत्तरेला फ्येरलान हे चिमुकले गाव आहे. तिथे जुन्या गोठ्यांतून आणि घरांतून वापरलेल्या पुस्तकांची दुकाने थाटली आहेत आणि मागे युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी लटकलेली दिसते. मुलाबाळांना घेऊन जाणाऱ्याचे तीन-चार दिवस सहज निघतील.

पण सोग्नदालला येणाऱ्यांत काही तरुण वेगळेच असतात. अंगात काळे टी-शर्ट, त्यांवर वाचता न येणारी काटेरी अक्षरे. ते ना उरनेसची चौकशी करतात, ना हिमनदीची. ते विचारतात स्टेड्येच्या चर्चची वाट. १८६७ साली बांधलेल्या या पांढऱ्या लाकडी चर्चच्या दफनभूमीत तेर्ये बाक्केन नावाचा मुलगा पुरलेला आहे. तो २५ वर्षांचा होऊन गेला. संगीतात त्याने ‘वालफार’ हे नाव घेतले होते आणि त्याच्या वाद्यवृंदाचे नाव होते ‘विंडिर’.

जळलेले चर्च

विंडिरचे संगीत ‘ब्लॅक मेटल’ या प्रकारात मोडते. घरात कॉलेजला जाणारे मूल असेल तर दाराआडून ते कधीतरी कानावर पडले असण्याचा संभव आहे. नसेल, तर थोडी कल्पना देतो. गिटारच्या तारा इतक्या वेगाने छेडल्या जातात की सुटे स्वर ऐकू न येता एक सलग गुंजारव तयार होतो. मागे ड्रम्सचा मारा. गायक गात नाही, घसा फाडून किंचाळतो. हे मुद्दामच असे केलेले असते. पहिल्या ऐकण्यात माझी सहनशक्ती चौथ्या मिनिटाला संपली होती हे सांगायला हरकत नाही.

या संगीताची कीर्ती त्याच्या आवाजापेक्षा वाईट आहे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नॉर्वेतल्या या वर्तुळातील काही तरुणांनी चर्चे पेटवली. काहींना त्याबद्दल तुरुंगवास झाला. १९९३ मध्ये एका वादकाने दुसऱ्या वादकाचा खून केला. ख्रिस्ती धर्माने आमचा मूळचा नॉर्स धर्म बुडवला, असा त्यांचा दावा होता. त्या आगींत सर्वांत गाजली ती बर्गन शहरालगतच्या फान्टोफ्टची आग. ६ जून १९९२ रोजी तिथले स्टाव्ह चर्च जळून खाक झाले.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत म्हणायची तर. फान्टोफ्टचे चर्च मूळचे फान्टोफ्टचे नव्हतेच. साधारण ११५० च्या सुमारास ते बांधले गेले सोग्नमधल्या फोर्टुन या गावी, सोग्नेफ्योर्डच्या अगदी आतल्या टोकाजवळ. एकोणिसाव्या शतकात जुनी लाकडी चर्चे पाडून नवी बांधण्याची लाट आली. तिच्यात फोर्टुनचेही जायचे, पण १८८३ मध्ये ते विकत घेऊन, उतरवून बर्गनजवळ पुन्हा उभे केले गेले. जुन्या नॉर्वेच्या नावाने ज्यांनी काडी लावली त्यांनी जाळले काय, तर सोग्नच्या सुतारांनी साडेआठशे वर्षांपूर्वी जोडलेले लाकूड, ज्याच्या शिखरांवर अजून ड्रॅगनची तोंडे होती. पुढे तिथे हुबेहूब तसेच चर्च बांधण्यात आले. ते १९९७ मध्ये पूर्ण झाले.

त्याच १९९७ मध्ये सोग्नदालच्या एका मुलाचा पहिला अल्बम बाजारात आला. त्याचे नाव ‘सोक्नारदाल्र’. सोग्नदालचेच हे जुने नाव.

तेर्येचा जन्म १९७८ चा. १९९४ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्याने ध्वनिमुद्रणाची सुरुवात केली. पहिल्या हौशी कॅसेटला त्याने नाव दिले ‘सोग्नेरिके’, सोग्नचे राज्य. ड्रम्स वाजवायला एक मित्र होता. बाकीची वाद्ये बहुतेक तो स्वतःच वाजवी. आवाज होता ब्लॅक मेटलचाच. पण त्या गुंजारवातून हळूच एखादी धून वर येई. अकॉर्डियनवर वाजवावी, लग्नातल्या नाचाला साथ करावी अशी ती धून असे. तिचे वळण गावाकडचे आणि ठेकाही गावाकडचा. ज्या सुरांवर आजोबा नाचले असतील ते सूर नातवाने हजार वॉटच्या ध्वनिवर्धकातून सोडले होते.

आणि या संगीतात नेहमी आढळणारा सैतान इथे जवळजवळ गैरहजर होता. त्याच्या जागी होते गावचे राजे, गावचे भुते-राक्षस आणि गावची लढाई.

बोली

सैतानाऐवजी गाव, एवढ्यावर हे थांबले नाही. तेर्येने गाणी लिहिली सोग्नच्या बोलीत. याचे महत्त्व कळण्यासाठी नॉर्वेच्या भाषेची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी.

नॉर्वे चार शतकांच्या वर डेन्मार्कच्या ताब्यात होता. १८१४ मध्ये तो त्या राज्यातून सुटला तेव्हा शाळेत, कचेरीत, चर्चमध्ये लिहिली जाणारी भाषा डॅनिश होती. घरात आणि शेतात मात्र प्रत्येक खोऱ्याची स्वतःची बोली. ईवार ओसेन हा एका शेतकऱ्याचा मुलगा १८४० नंतरच्या दशकात गावोगाव हिंडला. लोक काय बोलतात, कसे बोलतात, हे त्याने वहीत टिपून घेतले. १८४८ मध्ये त्याने या बोलींचे व्याकरण छापले, १८५० मध्ये शब्दकोश. त्याच्या कामातून जी लेखी भाषा घडली तिला आज नीनोर्स्क म्हणतात. दुसरी, डॅनिशच्या वळणाने आलेली, ती बुकमोल. १८८५ पासून दोन्हींना सरकारदरबारी समान दर्जा आहे, पण नीनोर्स्क लिहिणारे अल्पसंख्य आहेत आणि त्यांचा बालेकिल्ला म्हणजे हाच पश्चिमेकडचा फ्योर्डांचा मुलूख.

सोग्नची बोली नीनोर्स्कच्या जवळची, तरी तिचा थाट निराळा आहे. तिची सर्वांत ओळखीची खूण एका स्वरात सापडते. इतरत्र होडीला ‘बोत’ म्हणतात, तर सोग्नचा माणूस तोंड मोकळे उघडून ‘बाओत’ म्हणतो. ओस्लोत कुणी असे दोन शब्द बोलला की त्याचे खोरे ओळखू येते.

जगभर खपावे असे वाटणारा नॉर्वेचा वाद्यवृंद सहसा इंग्रजीत गातो. हा मुलगा आपल्या तालुक्याच्या बोलीत किंचाळत होता. किंचाळण्यात शब्द कुणाला कळणार, हा प्रश्न रास्त आहे. खुद्द नॉर्वेतल्या श्रोत्यालाही ते सहज कळत नाहीत. पण बोली नुसती शब्दांत नसते. तिचा हेल, आघात कुठे पडतो, ओळ कुठे लांबते, हे सुरावटीत उतरते. आणि कळत नाहीत म्हणूनच परदेशातली मुले अल्बमसोबतच्या पुस्तिकेतले शब्द उलगडत बसली. सोग्न कुठे आहे हे ज्यांना नकाशावर दाखवता आले नसते त्यांनी तिथल्या राक्षसांची नावे पाठ केली. बोलीच्या संवर्धनासाठी परिषदा भरवून हे साधले असते असे मला वाटत नाही.

या सर्वांचा कळस म्हणजे १९९९ चा दुसरा अल्बम, ‘आर्नतोर’. त्यात सात रचना आहेत. पहिलीचे नाव ‘सुरुवात’, शेवटचीचे ‘शेवट’, इतका साधा हिशेब. आर्नतोर हा सोग्नच्या जुन्या कथांतला योद्धा. एका गाण्याचे नाव आहे ‘हिड्ने राजाची टेकडी’. पूर्वी राजे-सरदारांना पुरून वर मातीची टेकडी रचत, त्यांपैकी ही एक. दुसरे गाणे एका काळ्या लोहाराचे आणि ‘लुंदामीर’च्या राक्षसाचे आहे. ही गावात सांगितली जाणारी गोष्ट. ‘कांपेन’ या लढाईच्या गाण्यात किंचाळणे थांबते आणि मोकळ्या, भरदार आवाजात समूहाने म्हटल्यासारखे गाणे सुरू होते. नवख्याने या अल्बमची सुरुवात इथून करावी. त्यानंतरची ‘साक्नेत’ ही दहा मिनिटांच्या आसपासची रचना हरवलेल्या गोष्टीची हुरहुर घेऊन येते. तिची मुख्य धून एकदा डोक्यात बसली की दिवसभर जात नाही. चार मिनिटांत हार मानणारा मी ती रचना आता अखेरपर्यंत ऐकतो.

तेर्ये ज्या मातीत गोष्टी शोधत होता तिच्यात गोष्टींची वाण नव्हती. १९१७ साली सोग्नदालच्या एग्गुम नावाच्या शेतावर नांगरणी करताना एक मोठी शिळा लागली. ती एका थडग्यावर झाकण म्हणून ठेवलेली होती. शिळेवर सुमारे २०० रून अक्षरे आणि एका घोड्याचे चित्र कोरलेले होते. सातव्या शतकातला हा लेख जुन्या रून लिपीतला सर्वांत मोठा लेख मानला जातो. त्याचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. शिळा आता बर्गनच्या संग्रहालयात आहे. मला त्यातली एक बाब विलक्षण वाटते. अक्षरे कोरलेली बाजू खाली होती, मृताच्या तोंडाकडे. वरून चालणाऱ्या कुणी ती वाचावीत अशी अपेक्षाच नव्हती.

आणि ११८४. विंडिरच्या तिसऱ्या, २००१ सालच्या अल्बमचे नाव एवढेच, एक सन. तोवर गावातले मित्र येऊन मिळाले होते आणि एकट्याच्या उद्योगाचा पुरता वाद्यवृंद झाला होता. त्या साली नॉर्वेच्या गादीसाठी मॅग्नुस एर्लिंगसोन आणि स्वेर्रे हे दोन राजे झगडत होते. सोग्नचे लोक मॅग्नुसच्या बाजूचे. त्यांनी स्वेर्रेच्या कारभाऱ्याला ठार मारले. शिक्षा म्हणून स्वेर्रेने सोग्नदाल जाळले. तो परत निघतो न निघतो तोच १५ जून रोजी मॅग्नुसचे आरमार फ्योर्डात शिरले आणि फिमरेइतेजवळ दोघांची गाठ पडली. स्वेर्रेची जहाजे कमी होती. मॅग्नुसने आपली जहाजे एकमेकांना बांधून घेतली होती. स्वेर्रेचे सैनिक टोकाच्या जहाजावर तुटून पडले, तिथले लोक जीव वाचवायला शेजारच्या जहाजावर उड्या मारू लागले, ते भाराने बुडाले, मग पुढचे. त्या दिवशी राजा मॅग्नुस फ्योर्डात बुडाला. त्याच्याबरोबर दोन हजारांच्या आसपास माणसे गेली असे सागाग्रंथ सांगतो. आज तिथे फळबागा आहेत.

चौदा जानेवारी

चौथा अल्बम २००३ मध्ये आला. त्याचे नाव ‘लीकफेर्ड’, म्हणजे प्रेतयात्रा. सोग्नमध्ये या शब्दाला पाण्याचा संदर्भ आहे. वाड्या एका काठाला, चर्च दुसऱ्या काठाला. शवपेटी होडीत ठेवायची आणि वल्ही मारत न्यायची. तिडेमान आणि गूदे या चित्रकारांनी १८५३ मध्ये सोग्नेफ्योर्डावरची अशीच अंत्ययात्रा रंगवली आहे आणि त्या चित्राचेही नाव ‘लीकफेर्ड’च आहे.

सोग्नदालच्या घरांचा एक पाय डोंगरावर असतो. पूर्वी उन्हाळा आला की गाई-शेळ्या घेऊन बायका-मुली वरच्या कुरणावर जात, तिथल्या झोपडीत राहून दूध काढत, चीज करत. या जागेला स्टोल म्हणतात. गुरे कमी झाली, झोपड्या राहिल्या. आता लोक सुट्टीला तिथे जातात. डोंगरावर स्वतःची छोटी लाकडी झोपडी असणे ही नॉर्वेत श्रीमंतीची बाब नाही, कुटुंबाची सवय आहे. बाक्केन कुटुंबाचीही फागेरएग्गीला एक होती.

१४ जानेवारी २००४ रोजी तेर्ये पायी तिकडे निघाला. त्या महिन्यात इथे उजेड जेमतेम सहा तासांचा. वाटेत हिमवादळ आले. तो झोपडीवर पोहोचलाच नाही. तीन दिवसांनी शोधपथकाला त्याचा देह रेप्पास्टोलेन या कुरणाजवळ सापडला. थंडीने शरीराचे तापमान उतरून मृत्यू आला होता. २७ जानेवारीला स्टेड्येच्या दफनभूमीत त्याला मूठमाती दिली.

या मृत्यूभोवती चाहत्यांनी पुष्कळ काही विणले. शेवटच्या अल्बमचे नाव प्रेतयात्रा, त्याआधीच्या अल्बममध्ये अखेरपर्यंतच्या प्रवासाचे गाणे, डोंगराने आपला गायक परत नेला वगैरे. हे वाचायला चटकदार वाटते. पण ज्या घरातला मुलगा गेला त्या घरासाठी ते तसे नसणार. तो काही कुणा योद्ध्याच्या मरणाला निघाला नव्हता. लहानपणापासूनच्या वाटेने घरच्या झोपडीकडे निघाला होता. अशी माणसे नॉर्वेत अधूनमधून जातात. १९६७ च्या ईस्टरच्या सुट्टीत १८ जणांचा बळी गेला. त्यानंतर रेडक्रॉस आणि गिरिभ्रमण संघटनेने डोंगरात वागण्याचे नऊ नियम घरोघरी पोहोचवले. वेळेत मागे फिरा, त्यात लाज नाही, हा त्यांतला एक. नॉर्वेतल्या शाळकरी मुलांनाही तो पाठ असतो. पण सोग्नच्या डोंगरात हवामान एका तासात बदलते, आणि वादळात मागे कुठे आणि पुढे कुठे हेच दिसेनासे होते.

मित्रांनी ठरवले की त्याच्याविना विंडिर चालवायचे नाही. ३ सप्टेंबर २००४ रोजी ओस्लोच्या रॉकफेलर सभागृहात निरोपाची मैफल झाली. त्या दिवशी तेर्ये २६ वर्षांचा झाला असता. नंतर त्यांच्यातल्या तिघांनी ‘व्रेइड’ नावाचा वाद्यवृंद काढला, दोघे ‘कोर स्कॉर्पी’त गेले. व्रेइडने २००९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्वेच्या भूमिगत सैनिकांवर ‘मिलोर्ग’ हा आख्खा अल्बम केला. आपल्या भागातल्या या संगीताला ही मंडळी ‘सोग्नामेटल’ म्हणतात. ब्लॅक मेटलच्या आधी तालुक्याचे नाव लावायची कल्पना मला तरी पसंत पडली.

परतीला बस घेण्याऐवजी बर्गनची जलद बोट घ्यावी. ती चार-पाच तास फ्योर्डातूनच जाते. सोग्नदालचा धक्का सुटल्यावर काही वेळाने फिमरेइतेचा काठ दिसतो. कानात काही लावायचेच असेल तर तिथे ‘साक्नेत’ लावावे. आवाज फार मोठा ठेवू नये, शेजारी झोपलेले असतात.